एकदा वाजलं तर हो

मी फोन बोलतोय. तुमच्या खिशातला नव्हे. टेबलावर ठाण मांडून बसणारा, मागे दोन वायरी आणि पुढे बारा बटणं असलेला, काळा, अंगाने जरा जाडजूड. दिसायला मी जुन्या फोनसारखाच आहे, पण माझं बोलणं तांब्याच्या तारेतून जात नाही, इंटरनेटवरून जातं. त्यामुळे नुसती वायर खोचली की मी बोलू लागत नाही. मला आधी शिकवावं लागतं. तू कोण, तुझा नंबर कोणता, तुझे फोन जोडून देणारी सेवा कुठे बसते, तिच्या दारात उभं राहून कोणता परवलीचा शब्द सांगायचा. हे सगळं ज्यांनी मला शिकवलं त्या दोघीजणींचे माझ्यावर उपकार आहेत. ते सांगावेत म्हणून आज तोंड उघडलंय. एरवी माझं काम दुसऱ्यांचं बोलणं पोचवायचं.

माझा जन्म एका लांबलचक, पांढऱ्या दिव्यांच्या खोलीत झाला. ओळीच्या शेवटी एक बाई बसायची. प्रत्येक फोनचा रिसीव्हर उचलायची, कानाला लावायची, मान हलवायची आणि पुढे सरकवायची. दिवसभरात तिच्या कानावरून सहाशे फोन जायचे. मला मात्र तिने दोनदा उचललं, कारण पहिल्या वेळी तिला नेमकी शिंक आली होती. जगात पाऊल टाकताना कुणीतरी आपल्याला दोनदा नीट ऐकून घेतलं, याचं मला अजून बरं वाटतं.

तिथून मी एका विमा कचेरीत गेलो. माझ्या टेबलावरचे कारकून रिसीव्हर मान आणि खांदा यांच्या बेचक्यात धरायचे आणि बोलता बोलता बिस्किटं खायचे. पाच वर्षांत माझ्या बटणांच्या फटींत एक अख्खा पुडा साठला असेल. माणसांची गंमत मी तिथे पाहिली. समोरच्याला काही दिसत नाही हे ठाऊक असूनही ती हातवारे करतात. साहेबांचा फोन आला की उभी राहतात. आणि ‘मी निघालोच आहे’ म्हणणारा माणूस हमखास बसलेला असतो.

एक दिवस कचेरी बंद झाली. आम्हा तीस-पस्तीस फोनना एकाच खोक्यात कोंबलं आणि खोक्यावर कुणी काही लिहिलंही नाही. तीन वर्षं मी दुसऱ्यांच्या वायरींत पाय अडकवून पडून होतो. त्याबद्दल फार बोलत नाही. अडगळीत सगळ्यांचे दिवस सारखेच जातात.

जुन्या वस्तूंच्या दुकानातून मला बाहेर काढलं ते वन्संनी.

‘वन्सं’ हे मी वहिनींचं ऐकून म्हणतो. वहिनी आणि वन्सं या नणंद-भावजय. वन्सं लिफ्ट दुरुस्त करतात आणि वहिनी फोन घेतात, कुठली लिफ्ट कधी तपासायची ते पाहतात, लोकांना धीर देतात. हा उद्योग वन्संच्या वडिलांनी सुरू केला. ते गेल्यावर तो बंद पडणार असं सगळे धरून चालले होते, कारण वहिनींचे यजमान जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. पण वन्संनी वडिलांची पान्ह्यांची पेटी उचलली आणि वहिनी टेबलापाशी येऊन बसल्या. नणंद-भावजय म्हटल्यावर लोक भांडणाची वाट बघतात. या दोघी भांडायच्या, नाही असं नाही. पण वन्सं मुलखाच्या अबोल, त्यामुळे भांडणाचा दोन्ही बाजूंचा मजकूर वहिनींनाच म्हणावा लागायचा. वहिनींचं बोलणं म्हणजे पाण्याचा उघडा नळ. चुकून लागलेल्या फोनवरसुद्धा त्या दहा मिनिटं बोलायच्या आणि शेवटी त्या माणसाला हवा होता तो नंबर शोधून द्यायच्या.

मला आणण्याचं कारण असं. वन्संच्या वडिलांनी बेचाळीस लिफ्टमध्ये एकेक लहानसा डबा बसवला होता. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाने त्यावरचं लाल बटण दाबायचं; डबा आपोआप आमच्या लिफ्ट-दुरुस्तीच्या दुकानाच्या नंबरवर फोन लावायचा. तो नंबर डब्याच्या पोटात कायमचा कोरलेला. बदलायचा तर अख्खा डबाच बदलायला हवा, आणि ते डबे बनवणारा कारखाना कधीच बंद झालेला. अशात गल्लीत पत्र आलं की जमिनीखालच्या जुन्या तारा काढून टाकणार, महिनाअखेर सगळे जुने फोन बंद. नंबर टिकवायचा असेल तर तो इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या एखाद्या सेवेकडे न्यावा.

नंबर गेला असता तर बेचाळीस लिफ्टमधली लाल बटणं नुसती शोभेची उरली असती. वन्संनी ते पत्र दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, “नंबर जाऊ द्यायचा नाही.” त्यांच्या मानाने हे भाषणच होतं.

मला शिकवायला तीन दुपारी लागल्या.

पहिली दुपार माझ्या कुलपात गेली. विमा कचेरीने मला आपल्या परवलीच्या शब्दाने बंद करून ठेवलं होतं आणि तो शब्द सांगायला कचेरीतलं कुणी उरलं नव्हतं. शेवटी वन्संनी माझं एक बटण दाबून धरलं आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजलं. माझा पडदा विझला, पुन्हा उजळला. मी कोरा झालो. पुसल्या त्या नोंदी. पाच वर्षं ऐकलेलं कुठे पुसतं?

दुसऱ्या दुपारी वहिनींनी सेवेकडून आलेला कागद समोर ठेवला आणि त्यावरची अक्षरं एकेक करून मला भरवली. नाव, परवलीचा शब्द, सेवेचा पत्ता. मी तो निरोप घेऊन दारात गेलो आणि परत आलो: नोंदणी झाली नाही. पुन्हा भरवलं, पुन्हा तेच. सात वेळा. वन्सं म्हणाल्या की दुकानदाराने फसवलं, परत देऊन टाकू. मी गप्प उभा. माझा दोष नाही हे सांगायला मला तोंड होतं, पण वाट नव्हती.

तिसऱ्या दुपारी वहिनींनी आपल्या मोबाइलवरून सेवेच्या कार्यालयात फोन लावला. तिकडे एक बाई भेटल्या. नाव कधी कळलं नाही, पण अशी धीराची बाई मी पाहिली नाही. त्यांनी वहिनींकडून परवलीचा शब्द एकेक अक्षर करून वाचून घेतला आणि पाचव्या अक्षराला म्हणाल्या, थांबा, ते शून्य आहे की ओ? शून्य होतं. वहिनींनी सात वेळा प्रामाणिकपणे ओ घातला होता. तो बदलला आणि माझा हिरवा दिवा लागला. तीन वर्षांनी जगात मला कुणीतरी ओळखत होतं. वहिनींनी त्या बाईंचे इतके आभार मानले की आता पुरे म्हणायची पाळी त्यांच्यावर आली.

दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी सकाळी साडेनऊला, दुकानाचा जुना नंबर माझ्याकडे आला. लगेच परीक्षा घ्यायची ठरली. वन्सं टेबलाच्या पलीकडे मोबाइल घेऊन उभ्या राहिल्या, त्यांनी नंबर फिरवला, मी खणखणीत वाजलो, वहिनींनी मला उचललं.

“येतंय का हो ऐकू?”

“येतंय की.”

येणारच. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. वहिनींचा आवाज वन्संना हवेतून ऐकू येत होता आणि दोघींना वाटलं की तो माझ्यातून येतोय. मला ठाऊक होतं की माझा अर्धा घसा बंद आहे. बाहेरचं आत येतंय, आतलं बाहेर जात नाहीये. पण फोनने स्वतःबद्दल सांगायचं कसं? वन्सं पेटी उचलून कामाला गेल्या.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मी वाजलो.

पडद्यावर एक नंबर उमटला, पण कुठल्या डब्याचा कुठला नंबर ही यादी वन्संच्या वडिलांच्या डोक्यात होती आणि त्यांच्याबरोबरच गेली होती. वहिनींनी मला उचलून नेहमीसारखं दुकानाचं नाव सांगितलं. पलीकडून एका वयस्कर माणसाचा आवाज आला.

“हॅलो? कुणी आहे का?”

वहिनी म्हणाल्या, आहे, बोला, घाबरू नका. पलीकडचा आवाज म्हणाला, हॅलो, हॅलो. वहिनी मोठ्याने बोलल्या. मग ओरडून बोलल्या. रस्त्यावरून जाणारी माणसं दुकानात डोकावली, पण लिफ्टमधल्या माणसापर्यंत एक अक्षर पोचलं नाही. तो बोलत राहिला, वाट चुकलेली माणसं स्वतःशी बोलतात तसा. औषधांचं पार्सल घ्यायला दोन मिनिटांसाठी खाली आलो होतो, म्हणाला. मोबाइल घरी राहिला. गॅसवर दूध आहे. घरात बायको आहे, तिला उठता येत नाही.

वहिनींना धोका कळला. दूध उतू गेलं की आच विझते, आणि गॅस मात्र सुटत राहतो. खाटेवरचं माणूस उठून खिडकीही उघडू शकणार नाही. आणि इमारत कुठली, ते त्याने अजून सांगितलंच नव्हतं. त्या डब्यातून नुसता बाहेर फोन लागतो, आत लागत नाही. लाल बटण पुन्हा दाबलं की फोन तुटतो, आणि मग पुन्हा त्यानेच लावायला हवा.

“बंदच दिसतंय,” तो माणूस म्हणाला. “ठेवतो.”

वहिनींनी काय विचार केला मला माहीत नाही. बहुधा काहीच केला नसावा. त्यांनी माझ्या बटणांवर मूठ आपटली.

आता फोनच्या पोटातली एक गोष्ट सांगतो. बोलणं एका वाटेने जातं आणि बटणांचा निरोप दुसऱ्या. माझी बोलण्याची वाट अडली होती. बटणांची मोकळी होती. लिफ्टमधल्या डब्यातून ‘टूं टूं’ असा आवाज झाला.



“कोण आहे?”

वहिनींनी पुन्हा एक बटण दाबलं. टूं.

“थांबा,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम बदलला. वर्गात शिरल्यासारखा झाला. “मी शिक्षक होतो, मला समजावून सांगायची सवय आहे. तुमचं बोलणं मला ऐकू येत नाही. माझं तुम्हाला येत असेल तर एकदा वाजवा.”

टूं.

“एकदा वाजलं तर हो, दोनदा वाजलं तर नाही. कळलं?”

टूं.

“सोपं आहे. घरी आमचं असंच चालतं.”

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीची वाचा गेली होती. बोट तेवढं हलायचं. खाटेच्या कडेवर एकदा टकटक केलं की हो, दोनदा केलं की नाही. गुरुजींनी, मी त्यांना तेव्हापासून गुरुजीच म्हणतो, हे चार वाक्यांत सांगितलं आणि लगेच पत्त्यावर आले. पाण्याच्या टाकीसमोरची पिवळी इमारत. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकलोय. घर चौथ्या मजल्यावर, किल्ली माझ्या खिशात, पण दुसरी किल्ली समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे असते. मशीनच्या घरघरीत त्यांना माझ्या हाका ऐकू जात नाहीत. पत्ता कळला असेल तर वाजवा.

टूं.

वहिनींनी डाव्या हाताने मोबाइलवर वन्संना गाठलं आणि उजवा हात माझ्या बटणावरून काढला नाही. जन्मात पहिल्यांदा त्या इतक्या थोडक्यात बोलल्या: पिवळी इमारत, आधी चौथा मजला, शिवणकामवाल्या बाईंकडून किल्ली, गॅस बंद, मग लिफ्ट. वन्संनी एकही प्रश्न विचारला नाही. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

ती इमारत तिथून दहा मिनिटांवर होती. ती दहा मिनिटं मी दोघांना धरून ठेवलं. गुरुजी बोलत होते. सुरुवातीला आम्ही अक्षरांची एक पाटी केली होती, म्हणाले. एकेका अक्षरावर बोट ठेवून शब्द जुळवायचा. हिने दुसऱ्याच दिवशी पाटी ढकलून दिली. चाळीस वर्षं संसार झाल्यावर एवढी स्पेलिंगं करत बसायची गरज काय, असं तिचं म्हणणं असावं. मग मध्येच थांबले आणि विचारलं, “गॅस बंद झाला?”

टूं. टूं.

ते पुन्हा बोलू लागले. हिला दूध कोमट लागतं, म्हणून आच बारीक ठेवली होती, तशी बारीकच होती बहुतेक. आठवत नाही. खरंच आठवत नाही. “झाला का हो बंद?”

टूं. टूं.

खोटं वाजवणं सोपं होतं. एक बोट, एक आवाज, म्हाताऱ्याच्या जिवाला शांती. वहिनींचं बोट त्या वेळी बटणावर टेकलेलं होतं, ते मला माझ्या अंगावर कळत होतं. पण त्यांनी दोनदाच दाबलं. गुरुजी म्हणाले, “बरं. खरं सांगताय, हे बरं आहे.” त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि इकडे वहिनींचा.

मोबाइल वाजला. वन्संना धाप लागली होती. दूध उतू गेलं होतं, आच विझली होती, घरात वास भरला होता. गॅस बंद केलाय, खिडक्या उघडल्यात. खाटेवरच्या बाई जाग्या आहेत, ठीक आहेत. बोटाने सारखं दाराकडे दाखवतायत.

वहिनींनी बटण दाबलं आणि बोट उचललंच नाही. एक लांबलचक टूंऽऽ. पलीकडे गुरुजी रडत होते. आमच्या दुकानात वहिनी रडत होत्या. ते दोघांचं दोघांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

पाऊण तासाने वन्संनी वरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन हाताने चाक फिरवत लिफ्ट खाली आणली. दार उघडलं तेव्हा गुरुजी एका हातात औषधांचं पार्सल धरून, शर्टाची बटणं नीट लावून उभे होते, असं वन्संनी संध्याकाळी सांगितलं.

मला खरं तर खिडकीतून फेकायला हवं होतं. वहिनींनी तसं केलं नाही. पुढली दुपार होताच त्यांनी सेवेच्या त्या बाईंना पुन्हा गाठलं आणि घडलं ते सगळं सांगितलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली: इंटरनेटचा जो डबा आहे, रूटर, त्यात फोनला मदत करणारी म्हणून एक सोय असते, ती चालू आहे का? चालू होती. मदत करायच्या नादात ती माझ्या निरोपांवरचे पत्ते बदलत होती आणि वहिनींचं बोलणं भलत्याच दारी जात होतं. आगंतुक मदतनीस घरोघरी असतात. ती सोय बंद केली. बाई म्हणाल्या, आता एकजण घराबाहेर जा आणि मग फोन लावा. वन्सं गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेल्या. दुधाने तोंड पोळलं होतं, म्हणून त्यांनी कोपऱ्यावर वळून आणखी एक चौक ओलांडला आणि तिथून नंबर फिरवला.

माझा घसा मोकळा झाला होता. वहिनी बोलल्या आणि वन्संनी तिकडून एवढंच म्हटलं, “आता येतंय.”

मग त्यांनी ती यादीही केली. सतरा दिवस वन्सं एकेका इमारतीत जाऊन लाल बटण दाबत होत्या आणि वहिनी माझ्या पडद्यावरचा नंबर बघून पुढे इमारत लिहीत होत्या. बेचाळीसच्या बेचाळीस. दोन डबे मुकेच निघाले, ते वन्संनी दुरुस्त केले. गुरुजींची लिफ्ट अडकली नसती तर ते दोन तसेच राहिले असते.

त्या गुरुवारनंतरच्या आठवड्यातच गुरुजी दुकानात आले होते. ठेंगणे, स्वच्छ, हातात पिशवी. वहिनींच्या समोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “त्या दिवशी सगळं मीच बोललो. आज तुम्ही बोला.”

आणि वहिनींना शब्दच सुचेना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. शेवटी त्यांनी टेबलावर बोटाने एकदा टकटक केली. गुरुजी हसायला लागले ते डोळे पुसेपर्यंत.

तेव्हापासून दर शनिवारी, दुकानाची गडबड ओसरली की, चौथ्या मजल्यावरून फोन येतो. गुरुजी तिकडचा फोन पत्नीच्या कानाशी ठेवतात. वहिनी तिला आठवडाभराचं सगळं सांगतात: कुणाची लिफ्ट अडली, वन्सं कुणावर कधी नव्हे ते चिडल्या, जहाज कुठल्या बंदरात आहे. मधे मधे विचारतात, सांगू का पुढे? तिकडून एक टकटक येते. परवा वहिनींचं फारच लांबलं तेव्हा ओळीने तीन आल्या. तीनदा म्हणजे काय, वहिनींनी विचारलं. गुरुजी संकोचून म्हणाले, “मला करते ती नेहमी. म्हणजे आता गप्प बसा.” वहिनी इतक्या हसल्या की मी टेबलावर हललो.

आता माझं वय झालंय. पडद्याची वरची ओळ दिसत नाही, रिसीव्हरची वायर वेटोळी होऊन आखडली आहे. वन्सं नवा फोन आणू म्हणतात, वहिनी नको म्हणतात, आणि या भांडणात मात्र दोघीही बोलतात. जो निकाल लागेल तो मला मान्य आहे. मला उशीर झाला, पण चांगल्या हातांत पडलो. मला दोनदा कानाला लावणारी ती कारखान्यातली बाई, शून्य आणि ओ वेगळे करणारी ती न पाहिलेली बाई, मला खोक्यातून उचलणाऱ्या वन्सं, आणि खोटं न वाजवणाऱ्या वहिनी. सगळ्यांचे आभार मानायला मला आणखी एक जन्म घ्यावा लागेल.

तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी फोन उचलाल आणि पलीकडून काहीच ऐकू येणार नाही. तर चटकन ठेवून देऊ नका. थोडं थांबा, एखादं बटण दाबून बघा. पलीकडचं माणूस बोलत असेल, आणि माझ्यासारखाच कुणीतरी मधे गप्प उभा असेल.